चुंबक, बिस्मथ आणि दुधाच्या पावडरीचा डबा : कुपवाडच्या गाळ्यातल्या नोंदी

2 नोव्हेंबर 2025

तारेचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, लांबी, जाडी, धातू आणि तापमान यांवर ठरतो, हे बारावीला मी दरवर्षी शिकवते. यंदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, शेजारी चुंबक ठेवला तर?" "वाढतो थोडासा," म्हणून मी पुढं गेले. थोडासा म्हणजे किती, ते स्वतः कधी मोजलेलं नव्हतं, आणि ते डोक्यातून जाईना.

भाऊजींचा कुपवाड एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगचा गाळा आहे. रविवारी तो मोकळा असतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांवर दीड हजार वेढे घालून त्यांनी विद्युतचुंबक करून दिला. मधल्या फटीत 36 नंबरच्या इनॅमल तारेची चपटी गुंडाळी बसवली. दहा मीटर तार, रोध 5.87 ओहम. 100 मिलिअँपिअर करंट सोडला आणि मीटरवर 587.0 मिलिव्होल्ट दिसले. चुंबक चालू केला तर आकडा चढत चढत 588.8 वर गेला.

0.3 टक्के! मी वहीत तारीख घालून चौकट काढली.

भाऊजी चहा घेऊन आले, आकडा बघितला आणि म्हणाले, "वहिनी, चुंबक बंद करून बघा की." बंद केला. आकडा खाली यायच्या ऐवजी आणखी थोडा वर गेला. मूळ जागी यायला चाळीस मिनिटं लागली.

"ह्यो चुंबक न्हाई, माझ्या कॉइलचा ताप हाय," ते म्हणाले. रिवाइंडिंगवाल्यांना हे सांगायला लागत नाही. मोटर आतून किती तापली ते ते असंच काढतात, गार असताना एकदा आणि चालवून बंद केल्यावर एकदा वायंडिंगचा रोध मोजून. तांब्याचा रोध एका अंशाला 0.39 टक्के वाढतो. म्हणजे माझी तार फक्त पाऊण अंशानं तापली होती. चौकट खोडली.

5 नोव्हेंबर

वहीवर हिशेब. खोलीच्या तापमानाला, अर्ध्या टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रात, तांब्याचा रोध दशलक्षात जेमतेम दोन-चार भाग वाढायला हवा. तार अंशाच्या हजाराव्या भागानं तापली तरी तेवढाच वाढतो. गाळ्यात पत्र्याखाली बसून तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत धरून ठेवणं आमच्या बापजन्मात होणार नाही.

तांब्यात चुंबकाचा परिणाम ठळक दिसायला अतिशुद्ध स्फटिक आणि द्रव हेलिअमचं तापमान, म्हणजे 4 केल्व्हिनच्या (उणे 269 अंश) आसपास, लागतं. भौतिकशास्त्रज्ञ कोहलरनं 1938 मध्ये मांडलेला नियम कामाच्या भाषेत असा : परिणाम नुसत्या क्षेत्रावर ठरत नाही, क्षेत्र भागिले धातूचा मूळ रोध यावर ठरतो. म्हणजे धातू शुद्ध केला, गार केला की मोठा चुंबक आणल्यासारखंच होतं. मोठा चुंबक आणि हेलिअम आम्हाला परवडत नाहीत. शुद्धता आणि थोडा गारवा बहुतेक परवडेल.

म्हणून बिस्मथ हा धातू. त्यात मोकळे इलेक्ट्रॉन फार थोडे, लाखभर अणूंमागे एखादाच, पण जे आहेत ते अडथळ्याविना लांब पळतात. चुंबक त्यांनाच वळवतो. रशियन भौतिकशास्त्रज्ञ कपित्झानं 1928 मध्ये केंब्रिजला जबर चुंबकीय क्षेत्रात रोध मोजला तो बिस्मथच्या स्फटिकांचाच. त्याचं क्षेत्र 30 टेस्लापर्यंत जायचं, सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतं. आमचं अर्ध्या टेस्लाचं, पण दिवसभर.

99.99 टक्के शुद्धतेचा बिस्मथ मागवला. 250 ग्रॅम, 2,400 रुपये.

16 नोव्हेंबर

विद्युतचुंबक बाद. त्याजागी 50×50×20 मिलिमीटरचे दोन निओडिमिअम चुंबक, भोवती 25 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्ट्यांची चौकट, मध्ये 24 मिलिमीटरची फट. चुंबक 3,800 रुपयांचे, पट्ट्या भंगारातल्या. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मैत्रिणीकडून गॉसमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचा मीटर, उसना आणला : मधोमध 0.48 टेस्ला.

जोडताना दोन्ही चुंबकांमध्ये लाकडी ठोकळा ठेवायला विसरलो. भाऊजींच्या अंगठ्याचं नख काळं झालं. एक चुंबक कोपऱ्यावर टवका उडून थोडा लहान झाला, तसाच वापरतोय. तुम्ही ठोकळा विसरू नका.

हा चुंबक बंद करता येत नाही, म्हणून बिस्मथची सळई ओतून ती जागेवर ठेवायची आणि चौकटच पुढंमागं सरकवायची. ड्रॉवरचे चॅनल लावले तर ते स्वतःच चुंबकाला चिकटून बसले. नायलॉनच्या पट्ट्या लावल्या, प्रश्न मिटला.

22 नोव्हेंबर

बिस्मथ 271 अंशांना वितळतो, घरच्या शेगडीवर सहज. दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात वितळवून काचेच्या नळीत ओतला. बिस्मथ गोठताना आकसत नाही, पाण्याच्या बर्फासारखा फुगतो. हे मी वर्गात शिकवते. नळी तडकली.

दुसरी नळी घेतली. तीही तडकली. शिकवणं आणि ध्यानात असणं वेगळं.

29 नोव्हेंबर

डायवाल्यांकडं, म्हणजे धातूचे साचे करणाऱ्यांकडं, स्पार्क मशीनचे ग्रॅफाइटचे टाकाऊ तुकडे मिळतात. फुकट आणले. त्यात 4 मिलिमीटर रुंद, तेवढीच खोल, 60 मिलिमीटर लांब खाच पाडली. वरून उघडी, त्यामुळं फुगायला जागा. सळई अखंड निघाली. हिला नाव सळई क.

टोकांना सोल्डरनं तारा डागायला गेले. सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि सळईचं टोक मेणासारखं गळून पडलं. बिस्मथ आणि सोल्डरमधलं शिसं, कथील एकत्र आले की ते मिश्रण शंभर अंशांच्या आतच वितळतं. डाग बंद. आता करंटसाठी मगरचाप (दातेरी चिमटे) आणि व्होल्टेज घ्यायला दोन शिवणसुया टेकवल्या, तीस मिलिमीटर अंतरावर. करंटची जोडी वेगळी, व्होल्टेजची वेगळी. रोध आहे दोन-तीन मिलिओहम, चिमट्याचा रोधच त्याहून जास्त असू शकतो, म्हणून चार तारांशिवाय मोजायला बसूच नका.

चौकट सरकवली आणि दोन्ही सुया टणकन उडून चुंबकाला चिकटल्या. स्टीलच्या सुया, आणि मी भौतिकशास्त्राची शिक्षिका. भाऊजी काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

30 नोव्हेंबर

सुयांऐवजी काय? चुंबकाला न चिकटणारी, स्प्रिंगसारखी दाबून राहणारी, बारीक तार हवी. मिरजेला तंतुवाद्यांच्या गल्लीत जाऊन तानपुऱ्याच्या खर्जाची पितळी तार आणली, 40 रुपये. "कुठल्या पट्टीत लावणार?" दुकानदारानं विचारलं. काय सांगणार! तार वाकवून टोक घासून टोकदार केलं. छान बसते.

सळई क, करंट 1.5 अँपिअर : चुंबकाशिवाय 4.10 मिलिव्होल्ट, चुंबकात 4.26. चार टक्के. आम्ही खूश.

पण बसल्या जागी एक गोष्ट खटकली. करंट चालू केल्यावर आकडा अर्धा मिनिट हळूहळू वर सरकतो. सळई तापत असेल म्हणावं तर पाच-सहा मिलिवॅटनं ती एवढी तापणार नाही.

3 डिसेंबर

तीन संध्याकाळी गेल्या, पण सरकणारा आकडा सापडला. बिस्मथ आणि मगरचाप यांच्या सांध्यातून करंट गेला की एक टोक तापतं आणि दुसरं गार होतं. पेल्टिअरचा परिणाम, मिनी फ्रीजमध्ये असतो तोच. दोन टोकांत तापमानाचा फरक पडला की बिस्मथ स्वतःच व्होल्टेज तयार करतो, तांब्याच्या जोडीनं अंशाला साधारण सत्तर मायक्रोव्होल्ट. आम्हाला एकूण मोजायचे आहेत तीन-चार हजार.

इथं एक खोच आहे, ती लिहून ठेवते. खोलीतल्या वाऱ्यानं किंवा हाताच्या उबेनं येणारा खोटा व्होल्टेज करंट उलटा केला की कळतो, कारण तो उलटत नाही, सरासरीत निघून जातो. पेल्टिअरचा मात्र करंटबरोबरच उलटतो. तो सरासरीतून निघत नाही, रोधात मिसळून बसतो. त्यावर इलाज दोन केले. मगरचापांऐवजी पितळेचे जाड ठोकळे, म्हणजे उष्णता तिथंच मुरते. आणि करंटची दिशा बदलल्यावर दोन सेकंदांच्या आत आकडा वाचायचा. भाऊजींनी मोटर उलटी फिरवायचा स्विच लावून दिला. मी स्विच मारते, ते आकडा ओरडून सांगतात.

7 डिसेंबर

सळई गार करायला द्रव नायट्रोजन, उणे 196 अंशांचा. सांगलीत हा कुठं मिळणार म्हणून लोक अडतात. गोठ्यात जा. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवलेल्या असतात. दुधगावकडचे एक दादा म्हशी-गायींना कांड्या भरतात. त्यांच्या कॅनमधला मागणं बरोबर नव्हतं, कमी पडला तर त्यांच्या कांड्या मरतील. म्हणून त्यांचा कॅन भरायच्या दिवशी आमच्यासाठी दोन लिटर जादा घेतला. लिटरला 70 रुपये.

कॅनचं झाकण सैलच असतं, तसंच ठेवायचं, घट्ट बूच मारलं तर फुटेल. बंद गाडीतून आणायचा नाही, उडणारा नायट्रोजन हवेतल्या ऑक्सिजनची जागा घेतो. मोटरसायकलवर आणला. कारखाने सुरू झालेत, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, अर्ध्या तासाच्या वाटेला दीड तास लागला. कॅनमधून वाफ येताना बघून सिग्नलला एकानं विचारलं, "काय, कुल्फी?"

थर्मोकोलची अरुंद खोकी आदल्या रात्री रबर सोल्युशननं जोडली होती. सकाळी बघते तर डिंकानं थर्मोकोल खाऊन टाकलेला. लाकडाच्या पांढऱ्या डिंकानं पुन्हा जोडली आणि वाळायची वाट बघत बसलो. तोवर दोन लिटरमधला बराच उडाला.

शेवटी सळई क बुडवली. अपेक्षा होती की रोध एकतृतीयांशावर यावा आणि चुंबकात काही पटींनी वाढावा. आकडा उतरला 3.60 मिलिव्होल्टपर्यंत. चुंबकात 4.30. एकोणीस टक्के, बस्स. पुन्हा मोजलं. तेच.

नायट्रोजन संपला. आम्ही पण.

10 डिसेंबर

चूक कुठं? क्षेत्र बरोबर आहे, गॉसमीटरनं पुन्हा बघितलं. चार तारा बरोबर. धातू 99.99 टक्के, पाकिटावर तसं लिहिलंय.

मग भाऊजींनी तो पावडरीचा डबा उचलला, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "वहिनी, ह्याची कल्हई कुठं गेली?" वितळलेला बिस्मथ जिथवर होता तिथवर आतून काळपट लोखंड दिसत होतं, वरच्या अर्ध्यात डबा चकचकीत. पत्र्याच्या डब्याला आतून कथलाचा मुलामा असतो. कथील 232 अंशांना वितळतं, बिस्मथ 271 ला. सगळी कल्हई माझ्या सळईत गेली होती. पैसे देऊन चार नऊ विकत घेतले आणि डब्यात त्यातले दोन घालवले.

बिस्मथला कथील विशेष बाधतं. आधीच मोकळे इलेक्ट्रॉन थोडे, त्यात कथलाचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो. 1930 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला शुब्निकोव आणि द हास या भौतिकशास्त्रज्ञांना बिस्मथचा रोध चुंबकीय क्षेत्राबरोबर लाटांसारखा वरखाली होताना दिसला, तो द्रव हायड्रोजनच्या थंडीत आणि फार शुद्ध स्फटिकांत. शुब्निकोवनं ते पुन्हा पुन्हा स्फटिक करून शुद्ध केले होते. तो एवढी उस्तवार का करत होता ते आत्ता समजलं.

सळई क टाकली नाही, तुलनेला ठेवली. क म्हणजे आता कथलाची.

14 डिसेंबर

नवा बिस्मथ थेट ग्रॅफाइटच्या खाचेतच वितळवायचा, मध्ये भांडं नकोच. लोखंडी पाइपवर मातीत शेगडीची कॉइल बसवून नळीभट्टी केली, आत ग्रॅफाइट. खाचेचं एक टोक तांब्याच्या पट्टीला टेकवलं, ती पट्टी भट्टीबाहेर. म्हणजे गोठायला तिथूनच सुरुवात होईल आणि एकच स्फटिक दुसऱ्या टोकापर्यंत वाढत जाईल, असा बेत. तासाला दहा अंशांनी उतरवायचं.

सगळी सळई गोठायच्या आधीच लाइट गेली. सगळं दहा मिनिटांत गार. सळई निघाली ती खडीसाखरेसारखी, शेकडो दाण्यांची.

20 डिसेंबर

पुन्हा वितळवली. या वेळी भट्टीला इन्व्हर्टर. रात्री आठला सुरू, पहाटे पाचपर्यंत. आळीपाळीनं जागलो. सळई श, म्हणजे शुद्ध. वरची बाजू गुळगुळीत, प्रकाशात फिरवली की सगळी एकदमच चमकते. एकच स्फटिक आहे की नाही ते मोडल्याशिवाय कळणार नाही, आणि मोडायची नाही.

खोलीत, 29 अंश, 1.5 अँपिअर. करंट सुलटा 3.30, उलटा 3.18, सरासरी 3.24 मिलिव्होल्ट. चुंबकात, अशाच सरासरीनं, 3.72. चौकट उलटी फिरवून, म्हणजे उत्तर-दक्षिण बदलून, 3.66. हा फरक हॉल व्होल्टेजचा. पितळी तारांची टोकं एका रेषेत नसली, केसभर वरखाली असली, की आडवा व्होल्टेजही थोडा त्यांच्यात शिरतो. तो चुंबकाबरोबर उलटतो, रोध उलटत नाही, म्हणून दोन्हींची सरासरी : 3.69. वाढ चौदा टक्के. सळई क मध्ये चार होती.

एका खऱ्या आकड्यासाठी चार वाचनं : करंट दोन्ही बाजूंनी, चुंबक दोन्ही बाजूंनी. कंटाळा आला तरी चारच.

28 डिसेंबर

दादांचा कॅन पुन्हा भरला, या वेळी तीन लिटर घेतला. खोकी आधीच वाळवून तयार. सळई हळूहळू उतरवली, आधी दहा मिनिटं वाफेत धरून, मग द्रवात. बिस्मथ ठिसूळ, एकदम बुडवला तर तडकेल. खिडक्या उघड्या, शटर वर.

चुंबकाशिवाय 1.07 मिलिव्होल्ट. खोलीतल्या 3.24 चा एकतृतीयांश, अगदी हवा तसा.

भाऊजींनी चौकट सरकवली. आकडा थरथरला, मग थांबला. 5.52. मला वाटलं तार निसटली. चौकट मागं : 1.07. पुढं : 5.52. चौकट फिरवून 5.12. सरासरी 5.32, जवळजवळ पाचपट.

म्हणजे गार केल्यावर तिपटीनं उतरलेला रोध चुंबकात गेल्यावर खोलीतल्या रोधाच्याही वर गेला. थंडीत धातूचा रोध उतरतो हे मुलांना माहीत असतं, त्यांच्यापुढं हे करून दाखवायला हवं. चौकट पुढंमागं किती वेळा सरकवली ते मोजलं नाही. भाऊजी म्हणाले, "मग ह्याचाच मीटर करा की, गॉसमीटर परत द्यायला नको." गंमत म्हणजे लोकांनी तेच केलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बिस्मथच्या तारेची चपटी गुंडाळी क्षेत्र मोजायला वापरत.

त्याच नायट्रोजनात सळई क पुन्हा बुडवली, आता नीट, चारही वाचनं घेऊन. वाढ अठरा टक्के. चुंबक तोच, थंडी तीच, धातू एकाच पाकिटातला.

11 जानेवारी 2026

आज सळई श स्वतःभोवती फिरवून बघायची होती. करंट सळईच्या लांबीतून, क्षेत्र आडवं, आणि सळई वीस-वीस अंशांनी वळवत जायची. दाणे शेकडो असतील तर कुठल्याही कोनात रोध साधारण तेवढाच राहावा, एकच स्फटिक असेल तर बदलावा. खोकीत जागा कमी, वळवायला ठोकळे सैल करून पुन्हा आवळावे लागतात, बोटं बधीर होतात. हातमोजे घातले तर स्क्रू धरता येत नाही. तीनच कोन जमले : 5.3, 4.6, 5.0. बदलतोय. पण तारांची टोकं प्रत्येक वेळी थोडी हलली असणार, म्हणून या आकड्यांवर माझा पूर्ण विश्वास नाही.

चौथ्या कोनाला ठोकळा आवळताना टक् असा आवाज आला आणि मीटरवर काहीच उरलं नाही. गार सळई, गरम हात, जरा जास्त जोर. ठोकळ्याच्या कडेलाच मोडली.

बाहेर काढून उबदार होऊ दिली, वरचं दव पुसलं. मोडलेली बाजू भाऊजींनी ट्यूबलाइटखाली धरली. दाणे नाहीत. चार मिलिमीटर रुंदीची एकच तिरकी सपाटी, या कडेपासून त्या कडेपर्यंत आरशासारखी, तिच्यात ट्यूबलाइट सरळ दिसत होती.

आजवरचा खर्च 8,150 रुपये, भाऊजींची मजुरी धरली नाही, ते धरू देत नाहीत. मोठा तुकडा 37 मिलिमीटरचा उरलाय. ठोकळ्यांत धरायला दोन्हीकडं जागा सोडली तर व्होल्टेजच्या तारा वीस मिलिमीटरवर बसतील, तेवढं पुरे. पुढच्या खेपेला स्क्रूऐवजी पितळी पट्टीची स्प्रिंग आणि बाहेरून फिरवता येईल असा लाकडी दांडा. दादांचा कॅन 25 तारखेला भरतोय.